पँट सैल होत होती

माझं पोट आणि बसचं स्टिअरिंग यांच्यात बरीच वर्षं कुरबुर चालू होती, पण प्रकरण साहेबापर्यंत गेलं ते बाजारापाशीच्या वळणामुळे. तिथे रस्ता काटकोनात वळतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं म्हणजे त्याचा खालचा भाग माझ्या पोटावरून घासत जायचा. शर्टावर तिथे एक काळपट, चकचकीत पट्टाच उमटला होता. त्या दिवशी शर्टाचं बटण स्टिअरिंगच्या दांडीत अडकलं. क्षणभरच अडकलं, पण तेवढ्यात बाजूचा आरसा खांबाला लागून फुटला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मात्र पुढच्या सीटवरच्या एका बाईने, "ड्रायव्हरचं पोट अडकलं हो!" असा जो पुकारा केला, तो मी डेपोत पोचायच्या आधी तिथे पोचला होता.

डेपोत मला डबलडेकर म्हणतात. हे नाव ठेवलं पाना नावाच्या आमच्या मेकॅनिकने, जो स्वतः एवढा किडकिडीत आहे की गाडीखाली जाताना त्याला जॅक लागत नाही. मी या नावाला हसतो. जाड माणसाला हसावंच लागतं. नाही हसला, तर लोक म्हणतात, एवढा मोठा देह आणि मन बघा केवढंसं.

साहेबाने मला आत बोलावून दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही. "हे बघ," तो म्हणाला, "खुर्ची शेवटच्या खाचेत गेलीय. पानाने खालची पट्टीसुद्धा काढून दिली. आता मागे सरकवायला बसच उरली नाही. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरांची तपासणी आहे. तेव्हा डॉक्टर हो म्हणाला तर गाडी तुझी. नाही तर पासाच्या खिडकीवर बस. पगारात फरक पडणार नाही."

पगाराचं कोणाला पडलं होतं! पासाची खिडकी मी रोज बघतो. काचेमागे एक खुर्ची, पुढे टेबल, आणि लोक खाली वाकून त्या भोकातून आत तोंड घालतात. माझं पोट टेबलावर ठेवलेल्या पार्सलसारखं दिवसभर त्यांच्या तोंडासमोर राहणार. गाडीत तसं नसतं. गाडीत बसलं की बाहेरून फक्त खांदे आणि डोकं दिसतं. तिथे माझा आकार म्हणजे बसचा आकार, आणि तो मला चांगला सांभाळता येतो. अरुंद गल्लीतून, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, मी ती धुडाची गाडी काढतो तेव्हा मी जाड नसतो. एवढी एकच जागा मला जगात होती आणि ती मला सोडायची नव्हती.

म्हणून मी पोट लहान करायच्या ऑपरेशनला तयार झालो. त्याआधी दहा जणांनी दहा वेळा सुचवलं होतं आणि मी सगळ्यांना उडवून लावलं होतं.

दवाखान्याच्या ज्या मजल्यावर हे ऑपरेशन करतात, तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते. आत शिरताच माझ्या ते लक्षात आलं. कोणीतरी विचार करून ठेवल्या होत्या. बसलेल्या सगळ्यांना ते कळलं होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भिंतीला लागून, येण्याजाण्याच्या वाटेतच, वजनाचा मोठा काटा होता. लोखंडी फळी, आणि वर भिंतीवर लाल दिव्यांचा आकडा. फळीवर कोणी चढलं की तो आकडा रेल्वेच्या फलाटावरच्या वेळेसारखा सगळ्या दालनाला दिसायचा. मी चढलो. माझ्याबरोबर आलेल्या बायकोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

सर्जन पोरगेला होता. समोरच्या कागदावर त्याने भोपळ्यासारखं काहीतरी काढलं आणि म्हणाला, "काका, हे तुमचं पोट. याचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल तो केळ्याएवढा. पण त्याच्यावर हे बघा, हे लिव्हर. ते चरबीने फुगलंय आणि पोटावर पसरून बसलंय. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे तुम्ही नुसत्या पातळ पदार्थांवर राहिलात तर ते आकसतं. नाही आकसलं, तर मला त्याच्याखालचं दिसणार नाही. आणि जे दिसत नाही ते मी कापत नाही."

मला पोरगा आवडला. मागचं दिसत नसेल तर मीही गाडी रिव्हर्स घेत नाही.

मग आम्हाला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी पातळ सूप, साय काढलेलं दूध, पावडर कालवलेलं पेय असं सगळं समजावून सांगितलं आणि दर आठवड्याला येऊन काट्यावर वजन करून जा म्हणाल्या. उठताना त्यांनी बायकोचा हात धरला. "ताई, पहिले दिवस फार जड जातात. चिडचिड होते. बरेचसे लोक तिथेच सोडून देतात. तुम्ही यांचा धीर सुटू देऊ नका." बायकोने मान हलवली. तिने ते फारच मनावर घेतलं, हे मला पुढे कळलं.

बायकोबद्दल सांगायला हवं. ती घरीच शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्तीच जास्त. कोणाची बाही लहान कर, कोणाची कंबर मोठी कर. आमच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे आणि आजूबाजूला लोकांच्या घसरलेल्या आणि वाढलेल्या मापांचे ढीग. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला ते लोक माया म्हणतात. माझ्या पँटींना ती पहिल्यापासून भरपूर माया सोडायची. आणि लग्न झाल्यापासून माझी एकही पँट मला कधी घट्ट झालेली नाही. कपाटातून काढावी, घालावी, बरोबर बसते. कधी कोणी पाहुण्याने विषय काढलाच, तर ती म्हणायची, "कापड आटलं असेल." आमच्या घरातलं कापड वीस वर्षं आटत होतं. जाड हा शब्द त्या घरात कधी कोणी उच्चारला नाही. मला वाटायचं, काय नशीब काढलंय आपण! बाकीच्यांच्या बायका नवरा ताटावर बसला की बोलतात, आपली हूं की चूं करत नाही.

पहिल्या दिवसापासून तयारी जोरात सुरू झाली. दवाखान्यातून फुफ्फुसांच्या व्यायामाचं एक खेळणं दिलं होतं. त्यात तीन गोळ्या असतात आणि नळीतून श्वास आत ओढला की त्या वर उचलल्या जातात. मी जीव खाऊन ओढायचो, दोन गोळ्या वर जायच्या आणि तिसरी ढिम्म हलायची नाही. बायकोने जुन्या चादरीतून माझ्यासाठी पुढून उघडे दोन मोठे अंगरखे शिवले. दवाखान्याचा मला बसायचा नाही, असं न सांगता शिवले. बॅगेत टॉवेल, सपाता, दाढीचं सामान, आणि ऑपरेशननंतर लवकर चालायला लावतात म्हणून नवे मऊ बूट. वाकून नाडी बांधता येत नाही, हेही तिने न सांगता लक्षात ठेवलं होतं. बूट बिननाडीचे होते.

सगळं होतं. फक्त खायला नव्हतं.

भुकेबद्दल लोक जे बोलतात ते सगळं खोटं आहे. पोटात आग बिग काही पडत नाही. राग येतो. समोरच्या गाडीने दिवा न दाखवता वळण घेतलं तर राग, मागे तिकिटाला सुट्टे नाहीत म्हणून वाद, त्याचा राग, बायको दार हळू लावते याचा राग. घरी गेलं की कपातलं ते पिवळं पाणी. चमच्याने ढवळावं तर चमच्याला काही लागत नाही. एका संध्याकाळी मी तो कप मोरीत रिकामा केला आणि म्हणालो, "उद्या त्या बाईला फोन कर. रद्द म्हणून सांग. मी कुठे मरत होतो? खिडकीवर तर खिडकीवर. निदान जेवून बसेन."

बायकोने तो कप विसळून ठेवला. मी जाऊन झोपलो.

सकाळी पँट घातली आणि हूक लावून हात सोडला, तर ती कमरेवर थांबेना. बोटं आत जात होती. चारी बोटं! मी पुन्हा घातली, पुन्हा तेच. इतकी वर्षं माझ्या कमरेला काहीच सैल झालेलं नव्हतं. मी पुढच्या खोलीत जवळपास धावतच गेलो. "बघ! हे बघ, हात जातोय आत!"

बायको मशीनवर वाकलेली होती. "हो की," ती म्हणाली. वर बघितलं नाही. कामात असेल, असं मला वाटलं.

घरातला वजनकाटा माझ्या उपयोगाचा नव्हता. मी वर चढलो की त्याच्यावर आकड्याऐवजी नुसतं इंग्रजी ई अक्षर यायचं, म्हणजे चूक. माझ्याविषयी त्याचं तेवढंच मत होतं. म्हणून पँट हाच माझा काटा झाला. आहाराच्या बाईंनी फोन करून विचारलं, "काका, वजनाला आला नाहीत?" मी म्हणालो, "ड्युटी आहे हो. पण पँट सैल झालीय, गळतेय अंगावरून." त्या खूश झाल्या. "वा! मग बरोबर चाललंय. तरी एकदा येऊन जा." मी हो म्हणालो. पण त्या लाल आकड्याखाली पुन्हा कशाला उभं राहायचं? डेपोत पानाने स्वतःची मूठ माझ्या कमरपट्टीत घालून बघितली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अरे, डबलडेकरचा वरचा मजला पाडायला घेतलाय!" लोक हसले. त्या हसण्याचा मला पहिल्यांदा राग आला नाही.

आणि मग त्या आनंदात मी एक बिस्किट खाल्लं.

शेवटच्या थांब्यावर चहाची गाडी आहे. चहा बिनसाखरेचा आणि त्यात बुडवून एक बिस्किट. बुडवलेलं बिस्किट पातळच असतं की. संध्याकाळी पँट पाहिली, सैलच होती. दुसऱ्या दिवशी दोन झाली. पँट सैलच. मग मी म्हटलं, हे आपल्या अंगाला मानवतंय. डॉक्टर सगळ्यांना एकच नियम लावतात, पण आपली ठेवण वेगळी असेल. पुढे पाव आणि लोणी. त्याच्यापुढे, एकदा उशीर झाला म्हणून, कोपऱ्यावरच्या दुकानातले तळलेले बटाटे, कागदाच्या पुड्यातून, गाडीच्या मागे उभं राहून. मला कोणी बघत नव्हतं. रोज संध्याकाळी मी कमरपट्टीत आधी बोटं, मग तळहात, मग मूठ घालून बघायचो. चालताना पँट टाचेखाली यायची, त्याचाही मला आनंदच व्हायचा. एवढी गळायला लागली!

एकदा कपडे धुताना बायको म्हणाली, "अहो, खिसे बाहेर काढून टाकत जा. सगळा चुरा होतो." मी हो म्हटलं. बायकांना धुण्याचं फार असतं.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी साहेबाने माझा हात दाबला. "जा, मोकळा होऊन ये. तपासणीला तुझं नाव मी शेवटी ठेवलंय. गाडी तुझ्यासाठी राखून ठेवतो, कोणाला देत नाही." मी गाडीच्या केबिनमध्ये जाऊन क्षणभर बसलो. स्टिअरिंग पोटाला लागत होतं, नेहमीसारखंच. मला वाटलं, बसल्यावर पोट पुढे येतंच. उभं राहिल्यावर खरं कळतं.

सकाळी आम्ही बॅग घेऊन दवाखान्यात गेलो. मनगटाला पट्टी बांधली, रक्त काढलं, रिकामं पोट ना, असं विचारलं. अंगावर बायकोने शिवलेला अंगरखा चढवला. नर्सने माझी पँट घडी घालून पलंगाच्या दांड्यावर ठेवली. मग म्हणाली, "चला, एकदा वजन."

काट्यावर चढताना मी छाती पुढे काढली होती. बायको शेजारीच होती. या वेळी तिने खिडकीबाहेर बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. वरचा लाल आकडा थोडा इकडेतिकडे झाला आणि थांबला.

नर्स म्हणाली, "सपाता काढा."

काढल्या. आकडा तेवढाच राहिला. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तो मोठा होता. थोडा नाही, चांगला मोठा. हात नसलेल्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी तो वाचला. त्यांच्यातल्या एकाने मान खाली घातली, जणू तोच काट्यावर उभा होता.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो.

नर्स स्वतः चढली. काटा बिघडलेला नव्हता.

त्यानंतर सगळं फार सभ्यपणे झालं आणि त्यानेच माझ्या अंगाची लाही लाही झाली. सर्जनने मला आडवं करून बरगड्यांखाली सोनोग्राफीचं थंडगार यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, आज नाही करता यायचं."

"का?"

"लिव्हर आहे तेवढंच आहे. उलट..." तो थांबला. "तुम्ही खाल्लंत का मध्ये काही?"

"एखादं बिस्किट."

पलीकडे उभ्या असलेल्या आहाराच्या बाईंनी डोळे मिटले. एखादं बिस्किट हे वाक्य त्यांनी किती जणांकडून ऐकलं असेल कोण जाणे.

"पण माझी पँट सैल झाली!" मी ओरडलो. "तुम्हीच फोनवर वा म्हणालात! ही बघा ना! ही इथे आहे!" दांड्यावरच्या पँटकडे मी बोट दाखवलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. खाकी रंगाची, तंबूएवढी पँट. तिच्याकडे बघून कोणाला काय कळणार होतं?

"पुढची तारीख तीन-चार महिन्यांनी मिळेल," सर्जन म्हणाला. "दर आठवड्याला येऊन वजन केलंत तर." त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. पोराटोरांनी खांद्यावर थोपटावं अशी माझी वेळ आली. तीन-चार महिने! तपासणी पुढच्या महिन्यात होती. गाडी गेली, हे मला त्या पलंगावर आडवं पडूनच कळलं. मला रडू यायला लागलं, ते मी खोकून दाबलं.

ते सगळे गेल्यावर खोलीत मी आणि बायकोच उरलो. ती बॅगेतून काढलेल्या वस्तू परत बॅगेत ठेवत होती. मी पँट ओढून घेतली. ती उलटी केली आणि मागची शिवण उघडून बघितली. शिंपिणीबरोबर वीस वर्षं काढली आहेत, एवढं मलाही कळतं. जुन्या टिपेच्या सुईची भोकं एका रेघेत तशीच दिसत होती आणि तिच्या बाहेर, इंचभर अंतरावर, नवी टीप होती. दोरा कोरा, चकचकीत. मधली माया उसवून मोकळी केली होती.

"हे काय आहे?"

तिने बघितलं. नाकारलं नाही. "सोडली होती थोडी."

"कधी?"

"तुम्ही सूप ओतून दिलंत ना, त्याच्यानंतर. त्या बाई म्हणाल्या होत्या, धीर सुटू देऊ नका. मला दुसरं काय येतं?"

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तू मला फसवलंस! मी मेहनत करतोय, मी रोज बघतोय, आणि तू रोज मागच्या मागे उसवत बसलीयस! रोज थोडी, रोज थोडी! माझी गाडी गेली तुझ्यापायी! तुझ्या या सुईदोऱ्यापायी गेली!"

"रोज नाही," ती म्हणाली. "एकदाच."

"खोटं बोलू नकोस! रोज जास्त सैल होत होती. माझी मूठ जात होती आत!"

"अहो, एकदाच सोडलीय. बघा ना शिवण. दुसरी टीप आहे का कुठे?"

मी बघितली. ती पँट मी खिडकीपाशी उजेडात नेऊन इंच इंच बघितली. मागे एक नवी टीप होती. बाजूच्या शिवणी जुन्या होत्या, कमरपट्टी जुनीच होती. कमरेला दुसरी नवी टीप कुठेच नव्हती.

"मग मूठ कशी जात होती?"

 बायकोला बोलायची सवय नव्हती, या विषयावर तर नव्हतीच. मग तिने पँट माझ्या हातातून घेतली आणि पाय वर करून खालच्या कडा दाखवल्या. दोन्ही कडा दुमडून वर घेतलेल्या होत्या.

"तुम्ही ती रोज खाली खाली घालत होता," ती म्हणाली. "आधी पोटावर घालायचात, मग पोटाच्या मध्यावर, मग पोटाच्या खाली. खाली तुम्ही बारीकच आहात. सगळेच असतात. पोट वर राहिलं आणि पँट खाली गेली. कडा रस्त्यावर घासायला लागल्या, चिखलाने भरायला लागल्या. म्हणून मी त्या वर घेऊन टीप मारली. तेवढंच केलं."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं सांगतो, वाटली. आणि त्याच वेळी मी माझ्या त्या मुठीकडे बघत होतो, जी मी रोज संध्याकाळी आरशासमोर उभं राहून, पँट खाली दाबून, आत घालून बघायचो. हाताने पँट खाली दाबल्याचं मला आठवत होतं. कोणी दाबायला लावली नव्हती.

"तुला दिसत होतं," मी म्हणालो. "खिशातला चुरासुद्धा दिसत होता. मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू?" ती म्हणाली.

एवढ्यात माझा फोन वाजला. साहेब होता. आवाज अगदी मोकळा. "काय रे, आत घेतलं की नाही अजून? सगळे विचारतायत इथे."

मी म्हणालो, "साहेब, नाही झालं आज. यांचं मशीन बिघडलंय. ऑपरेशनचं. त्यांची चूक, ते कबूल करतायत. पुढची तारीख देतो म्हणाले."

बोलताना मला काही अडखळायला झालं नाही. मशीन कसं बंद पडलं, तेही मी सांगितलं.

"बघ काय एकेक दवाखाने असतात!" साहेब चिडला. माझ्या बाजूने चिडला. "बरं, पुढच्या आठवड्यात होईल ना? मग काळजी करू नकोस. तपासणीला तुझं नाव मी पुढच्या फेरीत टाकतो. त्यांना सांगतो, दवाखान्याचा घोळ आहे म्हणून. तोवर चालव तू गाडी. फक्त बाजाराकडची फेरी घेऊ नकोस."

"हो साहेब. हो."  गाडी राहिली होती! एका वाक्यात परत आली होती. तीन-चार महिने काय, साहेबाला असंच सांभाळून घेता येईल. मी बायकोकडे बघून हसलोसुद्धा असेन.

तिने हात पुढे केला आणि फोन माझ्या कानावरून काढून घेतला. मला वाटलं, साहेबाचे आभार मानायचे असतील.

"साहेब, मी यांची बायको बोलतेय," ती म्हणाली. "मशीन चांगलं आहे. यांचं वजन वाढलं, म्हणून डॉक्टर नाही म्हणाले. हे खात होते." ती थांबली नाही. "हे जाड आहेत साहेब. फार जाड आहेत. गाडीत मावत नाहीत. त्या दिवशी आरसा गेला, उद्या माणूस जाईल. यांना गाडी देऊ नका."

तिकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. ती दोनदा "हो" म्हणाली, एकदा "बरं" म्हणाली, आणि फोन माझ्या हातात ठेवला.

नर्स दारात येऊन म्हणाली, "पलंग लागणार आहे हो, दुसरे आलेत." दुसरा तिच्यामागेच उभा होता. माझ्याच वयाचा, माझ्याएवढाच रुंद. तो आत यायला बघत होता आणि आम्ही दाराच्या वाटेत होतो.

"तू माझा घात केलास," मी बायकोला म्हणालो. त्या माणसासमोर, नर्ससमोर, सगळ्यांदेखत म्हणालो.

"केला," ती म्हणाली आणि बॅग उचलली. "पण आज नाही केला."